पाण्याच्या बाटलीतलं पेट्रोल

गवत कापायचं यंत्र कोणी दुकानाच्या पायरीवर आणून ठेवलं, की वेंकटराव आधी टाकीचं झाकण उघडून वास घेत. ताजं पेट्रोल नाकात झिणझिणतं. शिळ्याला जुन्या रंगाच्या डब्यासारखा जड, आंबूस वास येतो. दहातल्या आठ यंत्रांना तोच वास. मग कार्बोरेटर खोला, आतला चिकट थर काढा, ताठरलेला रबरी पडदा बदला. तंजावुरातल्या कालव्याच्या पुलाजवळ त्यांचं हे दुकान एकतीस वर्षं चालू होतं. एकसष्टाव्या वर्षीही हाताला काम जमत होतं. सांगून सांगून तोंड मात्र थकलं होतं.

सांगायचं तरी किती साधं होतं. भारी पेट्रोलमागे लागू नका, गर्दीच्या पंपावरचं साधं घ्या, तिथं ते ताजं असतं. आठ-पंधरा दिवसांपुरतंच घ्या. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते हवेतली ओल ओढतं आणि आपल्याकडे चारी बाजूंनी पाटाचं पाणी. टू-स्ट्रोक यंत्र असेल तर लिटरला पंचवीस मिली ऑइल, आणि मिसळलेलं महिन्याच्या वर ठेवू नका. पत्र्याचा कॅन घ्या, घट्ट झाकणाचा, सावलीत ठेवा, चुलीपासून आणि पाण्याच्या मोटारीच्या स्टार्टरपासून लांब. काम संपल्यावर टाकी रिकामी करून यंत्र आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. लोक "सरी, सरी", म्हणजे बरं बरं, म्हणत मान हलवत, आणि पुढल्या हंगामात तेच यंत्र, तोच वास.

दुकानावरच्या घरात बायको राजलक्ष्मी त्यांना म्हणे, "अहो, तुम्ही काशाला एवढा घसा कोरडा करता? ऐकत नाहीत तर नाही ऐकत."

"माझ्याच हातून गेलेलं यंत्र पुन्हा माझ्याच दारात येतं ना," ते म्हणत आणि रसमभात पुढं ओढत.

त्या वर्षीच्या सप्टेंबरात दोन मोठ्या सरी पडल्या आणि नारळाच्या बागांत गवत गुडघ्यापर्यंत आलं. दुकानात यंत्रांची रांग लागली. अशाच एका दुपारी राममूर्ती सर आले. ते निवृत्त हेडमास्तर. पापनाशमच्या अलीकडच्या गावात त्यांची दीड एकर नारळाची बाग होती. घराणं वेंकटरावांसारखंच तंजावूरकडचं मराठी, त्यामुळे वेंकटरावांशी ते मराठीत बोलत. दुरुस्त झालेलं यंत्र त्यांनी मोपेडच्या मागं बांधलं आणि पिशवीतून पाण्याची रिकामी बाटली काढली.

"ह्यात एक लिटर मिसळून द्या की."

"कॅन कोठे सर?"

"राहिला हो घरी. उद्या सकाळीच कापणी लावायची आहे. एका दिवसाचा तर प्रश्न."

एरवी वेंकटरावांनी नाही म्हटलं असतं. पण सकाळपासून तिघांशी हुज्जत झाली होती, गुडघा ठणकत होता, आणि जेवायला वर जायची वेळ कधीच टळून गेली होती. पुन्हा तेच सगळं सुरुवातीपासून सांगायचं त्यांच्या जिवावर आलं. त्यांनी ऑइल मापलं, पेट्रोल ओतलं, बाटली हलवली. फिकट हिरवं मिश्रण उन्हात चमकलं. बाटलीवर कागद चिकटवून तमिळमध्ये 'पेट्रोल' आणि तारीख लिहायची त्यांची सवय होती. त्या दिवशी तेही राहिलं.

दुसऱ्या दिवशी एकच्या सुमारास फोन वाजला. सरांचा आवाज ओळखू येत नव्हता.

"वेंकटराव, आमच्या संगीतानं ते पेट्रोल पिऊन टाकलं."

संगीता त्यांच्या बागेत आठ वर्षं कामाला होती, यंत्र तीच चालवायची. सर्दीनं तिचं नाक बंद होतं. घामाघूम होऊन ती झाडाखाली आली, तिथल्या दोन बाटल्यांपैकी एक उचलली आणि तोंडाला लावली. दोन घोट गेले, मग ठसका.

"बायका मीठपाणी पाजतायत. ओकून टाकलं म्हणजे..."

"नको!" वेंकटराव एवढ्या जोरानं ओरडले की पलीकडचा चहावाला वळून पाहू लागला. "ओकवू नका सर! वर येताना ते छातीत उतरतं. काही पाजू नका. बसवून ठेवा, अंगावर सांडलं असेल तर कपडे बदला, आणि गाडी करून इकडे सरकारी दवाखान्यात आणा. आत्ता, ह्या मिनिटाला."

हे त्यांना कुठल्या डॉक्टरनं सांगितलं नव्हतं. ऑइलच्या डब्यामागची बारीक अक्षरं वाचायची त्यांना खोड होती, तिथंच ते वाचलं होतं.

दुकानाचं शटर ओढून ते सरकारी दवाखान्यात जाऊन उभे राहिले. संगीताला आणलं तेव्हा ती सारखी खोकत होती, डोळे लाल झाले होते. एक्स-रे झाला, नाकाला ऑक्सिजनची नळी लागली. छातीत थोडं गेलंच होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ओकवलं नाहीत हे बरं झालं. पण दोन-तीन दिवस काही सांगता येणार नाही."

सर बाकावर पंचा तोंडाला लावून बसले होते. "मी पाण्याच्या शेजारी ठेवली हो ती," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. वेंकटराव शेजारी बसले.

रात्री चढलेला ताप तिसऱ्या दिवशी उतरला. चौथ्या दिवशी वेंकटराव खाटेजवळ गेले आणि तमिळमध्ये म्हणाले, "अम्मा, ती बाटली मी भरली होती. भरायला नको होती, हे मला ठाऊक होतं."

संगीता छताच्या पंख्याकडे पाहत होती. "मग का भरलीत?" तिनं बसक्या आवाजात विचारलं.

"थकलो होतो."

"मीसुद्धा थकले होते," ती म्हणाली आणि कूस बदलली. रागावली होती की नुसती दमली होती, ते त्यांना कळलं नाही. आणलेलं इडलीचं पुडकं त्यांनी उशाशी ठेवलं आणि ते जिना उतरले.

त्याच आठवड्यात ते बागेत गेले. पंपाच्या खोलीत स्टार्टरखाली आणखी तीन बाटल्या निघाल्या, मागच्या हंगामातल्या. तळाशी पाण्याचा थर वेगळा दिसत होता. पाटात ओतून टाकू म्हणून सर पुढं झाले. वेंकटरावांनी हात धरला. आणलेल्या पत्र्याच्या कॅनमध्ये त्यांनी सगळं ओतून घेतलं, दुकानात यंत्रांचे सुटे भाग धुवायला ते चाललं असतं. बाटल्या भोकं पाडून बाजूला टाकल्या. खोलीबाहेरच्या सावलीत, कुलपाच्या लोखंडी पेटीत सरांचा नवा कॅन ठेवला. एवढं करायला दोन तास लागले. परत येताना गुडघ्यामुळे त्यांना दोनदा मोपेड थांबवावी लागली.

महिन्याभरानं संगीता कामावर आली. यंत्राला तिनं हात लावला नाही. विळा घेऊन नारळांची आळी साफ करायची, आणि संध्याकाळी अजून थोडं खोकायची. यंत्र आता सर चालवत.

बागेतलं पेट्रोल मिसळायला वेंकटराव दर पंधरा दिवसांनी स्वतः जाऊ लागले. राजलक्ष्मी म्हणाली, "लिहून द्या ना मापं, सर करतील. ह्या वयात एवढं लांब काशाला?"

"करतील," ते म्हणाले, "पण मी जातो."

तिथं ते मापानं ऑइल घालत, कॅनवर तारीख लिहीत, पेटीला कुलूप लावत. संगीता लांबून पाहून मान हलवी, कधी तेवढंही नाही. मग ते पाटाच्या कठड्यावर गुडघा चोळत थोडा वेळ बसत आणि ऊन उतरलं की घरची वाट धरत.