सरांचे इटालियन

सरांना भूतकाळ घरात चालत असे, सभेत चालत नसे. इतिहासाच्या मास्तराने असं वागावं याचं मला फार नवल वाटे. आखातातल्या आमच्या मराठी मंडळात कुणी ‘आपल्या पूर्वजांनी’ अशी सुरुवात केली की ते चष्मा काढून विचारत, “बोलावलंत पूर्वजांना? आता त्यांना उठवणार कोण?”

सर वसईचे. तरुणपणी पाद्री व्हायला रोमला गेले आणि पाद्री न होता इटालियन शिकून परतले. दोह्यात ते शाळेत शिकवत, पण जीव गुंतला होता फ्रेंच क्रांतीच्या धामधुमीत इटलीत उठलेल्या लोकशाहीवाद्यांत. अल सद्द भागातल्या हॉटेलात डोसा खाता खाता ते राजे उलथवू लागत आणि अमिराच्या राज्यात राहणारी मी भेदरून आजूबाजूच्या टेबलांकडे बघत बसे. “सर, हळू!” म्हटलं की म्हणत, “अगं, दोनशे वर्षांपूर्वीचा राजा आहे. तो कुठे ऐकतोय?” माझा डोसा मात्र गार होई.

त्या लोकांची मोठी गंमत सांगत. वाद कसलाही असो, मध्ये प्राचीन रोम यायचाच. एक म्हणे, रोमसारखं प्रजासत्ताक हवं. दुसरा म्हणे, त्याच रोमने पुढे सम्राट डोक्यावर घेतला, सावध राहा. तिसरा गरिबांना जमीन मागायला रोमचाच दाखला काढी. “रोम एकच,” सर म्हणत, “पण ज्याला जो तुकडा हवा तो त्याने उचलला.”

मी मंडळाची चिटणीस, त्यामुळे भांडणाचा वास आला की मी सभासदांची यादी मोजायला लागते. महाराष्ट्र दिनाला आमची मुलं ऐतिहासिक नाटक करतात. रत्नागिरीच्या हमीदभाईंची झोया त्यात दरवर्षी शत्रूच्या गोटात. एकदा अल नस्र भागात अध्यक्षांच्या घरी बैठकीत हमीदभाई म्हणाले, “माज्या पोरीला दरवर्षी तिकडंच कशाला उभी करताव?” अध्यक्ष म्हणाले, “इतिहासातच तसं आहे, त्याला आपण काय करणार?” हमीदभाईंनी गाडीची किल्ली उचलली. ते कुटुंब मंडळ सोडतंय, मागोमाग आणखी चार घरं जातायत, हे मला डोळ्यांसमोर दिसायला लागलं.

तेव्हा सर उठले. “नेपल्सच्या माझ्या इटालियन लोकांनी प्रजासत्ताकाचं झकास नाटक बसवलं होतं. रोमन भाषणं, रोमन आदर्श. बंदरावरच्या कोळ्यांना मात्र त्यात भूमिकाच नव्हती. तेच कोळी राजाच्या बाजूने यांच्यावर धावून आले. काही महिन्यांत खलास! पुढे कितीतरी जण फासावर गेले.” त्या वर्षी झोया स्वराज्याची किल्लेदार झाली.

पुढे सरांचं कंत्राट संपलं. ते जास्त बोलतात म्हणून ते वाढवलं नाही, अशी कुजबुज झाली. निरोपाला मी तेच विचारलं, तर म्हणाले, “वय झालं म्हणून चाललोय. मला हुतात्मा करू नका हां.” मला रडू आवरलं नाही. आता बैठकीत माझ्या बाजूला कोण बसणार, हीच धास्ती होती.

यंदा अध्यक्षांच्या घरी तोच वाद पुन्हा पेटला; झोयाही आली होती, मागे बसली होती. अध्यक्ष म्हणाले, “सरच सांगायचे, इतिहासाशी खेळू नका.” हमीदभाई ताडकन म्हणाले, “सर माज्या बाजूने बोललेले!” मग जो तो सरांचा एकेक तुकडा काढू लागला.

हमीदभाई माझ्याकडे वळले. “वहिनी, तुमी सांगा, सर काय बोलले असते?”

“सर वसईला आहेत,” मी म्हटलं. “फोन लावू?”

तो फोन कुणालाच नको होता. तरी मी लावला, स्पीकरवर टाकला.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. “अरे, मी जिवंत आहे, आणि एवढ्यात माझे दाखले देता?” मग त्यांनी विचारलं, “झोया काय म्हणते?”

आम्ही सगळ्यांनी वळून पाहिलं. झोया केव्हाच खाली गाडीत जाऊन बसली होती.