तळहातावरची तंबाखू

"तंबाखू मळताना कुनालाच मारता येत न्हाई," असं कोंडीराम एकदा म्हणाला होता.

राहात्याच्या एका खासगी दवाखान्यात तो वॉचमन होता. आतल्या मेडिकलच्या खिडकीत मी बसायचो. तिथून सगळं दिसे. फिनेल आणि ओकारीचा वास मारणाऱ्या त्या पोर्चमध्ये चिडलेले नातेवाईक यायचे, काचेवर थुंकायचे, आईबहिणीवरून बोलायचे. डॉक्टर आतून कडी लावून कोंडीरामला पुढे करायचे. तो कुणाच्या समोर उभा राहत नसे. शेजारी उकिडवा बसे, तंबाखूची पुडी काढी आणि सर्वांत तापलेल्या माणसाकडेच चुना मागे. मागितलेला चुना नाकारणं इकडे हलकटपणाचं समजतात. माणूस खाली बसे. त्याच्या तळहातावर कोंडीराम तंबाखू टाकी. अंगठा फिरू लागला की आवाज उतरे. मग डॉक्टर बाहेर येत, सॅनिटायझरने हात चोळत. त्या मऊ हातांची मला शिसारी यायची.

गेल्या उन्हाळ्यात सम्राट नावाचा एक तरुण पोर्चमध्ये आला. त्याची आई सकाळी साध्या तापाने दाखल झाली होती, दुपारी गेली. त्याच्या हातात सलाइनचा लोखंडी स्टँड होता.

"डॉक्टरला बाहेर काढा! आईला काय झालं, एवढंच माझ्या तोंडावर सांगू दे!"

"सांगत्याल. मी आनतो त्यांना," कोंडीराम बसत म्हणाला. "चुना हाय का?"

"सरका मामा, टकुरं फुटंल तुमचं."

"फुटू दे. आदी चुना तर दे."

सम्राट रडत हसल्यासारखं करून खाली बसला. स्टँड बाजूला पडला. त्याला मळायला लावून कोंडीराम आत आला.

डॉक्टरांची खुर्ची रिकामी होती. मागचं दार उघडं होतं. मॅनेजर अनिमेष समोसा खात होता.

"शाब्बास मामा! अजून थोडं बसवून ठेवा. साहेबांची गाडी कोल्हारच्या पुढं जाऊ दे." त्याने तेलकट बोटं चाटली. "ह्या पंधरा ऑगस्टला तुमचा सत्कारच करू."

कोंडीराम बाहेर गेला. सम्राटने मळलेली तंबाखू थोपटली आणि रिवाजाप्रमाणे तळहात आधी त्याच्यापुढे धरला.

"घ्या मामा. येत्यात ना ते?"

कोंडीरामने चिमूट घेतली नाही. डॉक्टरांच्या खोलीचं दार त्याने सताड उघडलं. खुर्ची, तिच्या पाठीवरचा पांढरा टॉवेल, मागच्या दाराबाहेरची गाडीची रिकामी शेड सम्राटला बसल्या जागेवरून दिसली. मग गळ्यातली शिट्टी काढून कोंडीरामने स्टुलावर ठेवली आणि तो फाटकाबाहेर चालता झाला.