जेवून निघा

सायकल सोडा म्हणून बाबांना सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. सत्तरी ओलांडली, आई गेल्यापासून अकोल्याच्या घरात एकटे, तरी रोज सकाळी सायकल घेऊन हायवेच्या दिशेने निघणारच. रस्ता तरी कसला! उलट्या बाजूने येणारे ट्रॅक्टर आणि मागून हॉर्न वाजवत अंगाला घासून जाणारे टिप्पर. मी इकडे अमरावतीत, नव्वद-एक किलोमीटरवर, जीव टांगणीला लावून बसलेली.

शेवटी मीच हरले आणि त्यांच्या मोबाइलमध्ये एक ॲप टाकून दिलं. ते कुठे आहेत ते मला नकाशावर निळ्या ठिपक्यात दिसायचं. फोनला जोराचा हिसका बसून सायकल जागीच थांबली, तर ॲप आधी त्यांना 'ठीक आहात ना?' असं विचारायचं, आणि उत्तर आलं नाही की मला कळवायचं.

"म्हंजे मी पडतो कधी, याची तू तिकडे वाट पाहशीन," बाबा म्हणाले. पण हँडलला फोन अडकवायची क्लिप त्यांनी स्वतःच हौसेने आणली.

मला मात्र त्या ठिपक्याचं व्यसन लागलं. पोळ्या लाटताना बघायची, कॉलेजात तास संपला की बघायची. ठिपका थांबला की लगेच फोन लावायची, आणि बाबा कुणाशी तरी गप्पा हाणत उभे असायचे. काळजी कमी व्हावी म्हणून आणलेल्या यंत्राने ती दुप्पट केली. याचा मला भयंकर राग यायचा, पण ते काढून टाकायची हिंमतही होत नव्हती.

मग या हिवाळ्यात एका सकाळी खरंच इशारा आला. तास चालू होता, तो मला अर्ध्या तासाने दिसला. मी लगेच बाबांना फोन लावला. उचलला एका अनोळखी माणसाने.

"पोरगी बोलता का जी? घाबरू नका. बाबा पडले, पन थोडंसंच लागलं. दवाखान्यात आनलं त्यायले."

"त्यांना फोन द्या."

"आता आतमधी नेलं त्यायले. तुमी या, पन आरामात या. लांबून येनार तुमी, जेवून निघा."

तेवढ्यात फोन बंद पडला. पुन्हा लागलाच नाही.

आमच्या भागाची रीत ज्याला माहीत नाही त्याला हे बोलणं प्रेमळ वाटेल. पण आमच्याकडे माणूस गेल्याचं फोनवर कुणी सांगत नाही. 'जरा बरं नाही, या' एवढंच सांगतात. आणि वर 'जेवून निघा' म्हणतात, कारण जिथे पोचायचं त्या घरात चूल पेटलेली नसते. आईच्या वेळी बाबांनी मला हेच सांगितलं होतं. तेव्हा अर्थ न कळून मी खरंच पोटभर जेवले होते, वर दहीभातही घेतला होता. तो घास आजही आठवला की मला स्वतःची किळस येते.

गाडी नवरा चालवत होता. बडनेऱ्याच्या पुढे तो म्हणाला, "थोडंसंच लागलं म्हणाला ना तो?" मी त्याच्या अंगावर ओरडले, "तुला कळतं का काही!" मूर्तिजापूर आलं आणि गेलं. फोन बंद पडल्यापासून नकाशावर ठिपका करडा होऊन दवाखान्याच्या जागी बसला होता. बाबा कुठे पडले, कधी पडले, सगळं त्या ॲपने सांगितलं होतं. आहेत की नाहीत, एवढंच सांगत नव्हतं. कोणाकोणाला कळवायचं याची मी मनात जुळवाजुळव करू लागले, आणि मनातल्या मनात मीही प्रत्येकाला 'बाबांना जरा बरं नाही' असंच सांगत होते.

दवाखान्यात बाबा बाकावर बसून चहात बिस्किट बुडवत होते. डाव्या मनगटाला प्लास्टर, कपाळावर पट्टी. 'आतमधी' नेलं होतं ते एक्स-रे काढायला.

"आली का? जेवली का?"

मी आधी रडले, मग त्या अनोळखी माणसाशी भांडले. रस्त्यावर पंक्चर काढणारा तो, दुकान सोडून सकाळपासून बाबांजवळ बसलेला. "मी तं खरंच सांगितलं जी, काहून रागावता?" तो पुन्हा पुन्हा विचारत राहिला. माझी मलाच लाज वाटत होती, पण तोंड काही थांबेना.

संध्याकाळी फोन दुरुस्त होऊन आला. त्याचं लॉक न उघडताही कुणालाही वाचता येईल अशी माहिती त्यात ठेवता येते, रक्तगट, औषधं, घरचा नंबर. मी ती भरत बसले. शेवटी आणखी काही सूचना असल्यास लिहायला जागा होती.

"लिही," बाबा म्हणाले, "घरच्यायले खरं सांगा."

मी लिहिलं. मग न राहवून विचारलं, "आईच्या वेळी तुम्ही का नाही सांगितलं?"

ते प्लास्टरवरून बोटं फिरवू लागले.

"सांगाले तं फोन लावला होता. तू इतकी हासत 'बोला बाबा' म्हटलं. मंग म्हटलं, माह्या पोरीच्या पोटात दोन घास जाऊ दे पहिले."