आधी पेशींची विचारपूस

डॉ. मुकुंद पाटणकर सर पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत. या गौरवग्रंथासाठी मी लिहावे असे मंडळींनी ठरवले. मला लिहिण्याची सवय नाही, आणि वर्षभर मन थकलेले आहे. पण सरांविषयी नाही म्हणता आले नाही.

पहिली भेट माझ्या नोकरीच्या मुलाखतीत झाली. मी फळ्यावर रक्तवाहिनी काढली, दोन सरळ रेघांची. सर म्हणाले, “नळी छान काढलीत. चुंगीनाका कुठाय?” आम्ही ग्वाल्हेरकर जकातीला चुंगी म्हणतो. रक्तवाहिनीच्या अस्तरातल्या पेशी रक्तातली चरबी नुसती पुढे जाऊ देत नाहीत. स्नायूंची मागणी पाहून किती घ्यायची हे त्या ठरवतात. हा हिशेब बिघडला तर मधुमेह बळावतो, हृदयावर ताण येतो, असे आम्हांला वाटते. सरांनी सारी नोकरी याच एका प्रश्नावर घालवली. ते निवृत्त झाल्यावर तो माझ्याकडे आला.

गेल्या वर्षी आमचा छोटा विभाग मोठ्या विभागात विलीन झाला. जुन्या खोल्या रिकाम्या करायच्या होत्या. त्याच आठवड्यात माझी पत्नी सुधा गेली. जुना मधुमेह होता, शेवटी हृदय थकले. मी सुतकात, नया बाजारातल्या घरी. इकडे उबदार कपाटात प्रयोगाच्या पेशी अर्ध्या वाटेवर होत्या. त्यांचा खुराक वेळेवर बदलला नाही तर त्या मरतात, आणि नव्या व्यवस्थेत पुन्हा सुरुवात करायला कोणी परवानगी दिली नसती.

मी कोणालाच काही सांगितले नव्हते. सर दर्पण कॉलनीहून आपणहून प्रयोगशाळेत गेले, दुखऱ्या गुडघ्यांनी जिने चढून. नवे विभागप्रमुख कपाट बंद करायला आले होते. पुढचे मला या प्रमुखांनीच नंतर सांगितले. ते सरांना म्हणाले, “सर, आप तो रिटायर हो चुके हैं।”

पेशींकडे बोट दाखवून सर म्हणाले, “हम हुए हैं, ये कोशिकाएँ नहीं हुईं। चाहो तो हमें भी इसी अलमारी में रख दो।”

प्रमुखांना हसू आले. नव्या प्रयोगशाळेच्या कपाटात एक फळी मिळाली, आणि तिथेही खुराक बदलायला सरच जात राहिले.

त्या दिवसांत ते रोज फोन करीत. सांत्वनाचा शब्द नसे. “पेशी ठीक आहेत. जेवलात का?” मी हो म्हणे. ते खरे नसे, आणि त्यांना ते कळत असावे, कारण थोड्या वेळाने सरांच्या पत्नी मालतीवहिनींचा डबा येई.

मी कामावर परतलो तेव्हा सरांनी सूक्ष्मदर्शकासमोरची आपली खुर्ची मला दिली. काही पेशी रंगवल्या होत्या. चरबीचे ठिपके लाल दिसत होते. ज्यांना स्नायूंकडचा, म्हणजे त्यांची मागणी कळवणारा, द्रव मिळाला होता त्यांच्यात ठिपके दाट होते, बाकीच्यांत विरळ. मी विचारले, हे आधी कळले असते तर सुधासाठी काही करता आले असते का?

“माहीत नाही,” सर म्हणाले. “उगाच हो म्हणणार नाही.”

घरी येऊन गेलेल्या साऱ्यांनी मला धीर दिला होता. त्या उत्तरानंतर मात्र मला पहिल्यांदा झोप लागली.

काम पुढे चालू आहे. सरांचे गुडघे बरे राहोत, त्यांना आणि मालतीवहिनींना निरोगी दीर्घायुष्य लाभो. त्यांचा फोन अजून येतो. आधी पेशींची विचारपूस, मग माझ्या जेवणाची. मी हो म्हणतो. आता बहुतेक वेळा ते खरे असते.