उतरताना बघायचं

बोलता बोलता खिशात हात घालायचा, तिकिटांना भोक पाडायचा जुना चिमटा काढायचा आणि विचार जमेपर्यंत तो टक टक वाजवत राहायचा, ही त्यांची सवय. एसटीत कंडक्टर होते. आता तिकिटं मशीनमधून निघतात, चिमट्याला काही काम उरलेलं नाही, पण तो त्यांच्या खाकी शर्टाच्या खिशात कायम असायचा. टकटक थांबली की समजायचं, हे आता बोलणार. आणि बोलायचे ते बहुधा एकच वाक्य.

"निकाल काय बगताव, ताई? उतरताना बगायचं."

त्यांची माझी ओळख एका गडग्यावर झाली. रत्नागिरीत आमच्या आळीच्या टोकाला एक निवृत्त गुरुजी राहतात. पाचवीतल्या मुलांना ते निवासी शाळांच्या प्रवेश परीक्षेसाठी तयार करतात. मुलं आत पडवीत गणितं सोडवायची आणि आम्ही पालक बाहेर फणसाखाली, चिऱ्याच्या गडग्यावर, त्या बुटक्या दगडी कुंपणावर बसून शाळा सोडवायचो. कुठे निकाल शंभर टक्के, कुठे आंघोळीला गरम पाणी, कुठे मुलं आपापसांत इंग्रजी बोलतात. असे पालक तुम्ही पाहिले असतील. कदाचित त्यांतले एक असालही. एक बँकेतले साहेब होते, ते प्रत्येक शाळेचं माहितीपत्रक प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणायचे. मी त्यांच्या वरताण. मी सरकारी कचेरीत लिपिक आहे. मी पाच शाळांचा रकाने पाडून तक्ता केला होता आणि दर शनिवारी त्यात गुण वरखाली करायचे.

कंडक्टर पालीजवळच्या एका वाडीतले. त्यांची मुलगी, अंकिता, शाळा सुटली की पालीहून एसटीने शिकवणीला यायची. ज्या दिवशी त्यांची ड्यूटी लवकर सुटे त्या दिवशी ते तिला न्यायला येत आणि गडग्याच्या अगदी कडेला, अर्धं अंग बाहेर टाकून बसत. आम्ही सरकलो तरी ते आत सरकायचे नाहीत. "ऱ्हाऊ दे, सवय हाय," म्हणायचे.

त्यांची ड्यूटी रत्नागिरी-कोल्हापूर गाडीवर. घाट चढून गेलं की त्या रस्त्याला निवासी शाळांचे तीन फाटे लागतात. दिवाळीची सुटी संपली की नवी मुलं ट्रंका घेऊन परत निघतात, त्यांतली कितीतरी यांच्याच गाडीतून. तेव्हा हे दाराशी उभे राहून मुलं कशी उतरतात ते बघायचे.

"गाडी थांबायच्या आदी पोर दाराशी येऊन उभं रायलं तर शाळा बरी," ते सांगायचे. "सगळ्यांना पुढं सोडून मागं बुटाची नाडी बांदत बसलं, तर कायतरी बिनसलंय. आनि उतरल्यावर मागं बगतंय का, तेपन बगायचं."

आम्ही हसलो. बँकेतले साहेब म्हणाले, "कंडक्टरसाहेबांचा हा निकाल कुठल्या माहितीपत्रकात सापडायचा नाही." तेही आमच्यात हसले. सगळ्यांत जास्त मी हसले असेन, कारण माझ्याकडे तक्ता होता.

पण घरी येऊन मी काय केलं, तर तक्ता काढला. माझी पहिल्या नंबरची शाळा होती तिथली पोरं, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, "नाड्या लय बांदतात". चौथ्या नंबरला होती त्या शाळेच्या फाट्यावर मुलं उड्या मारून उतरायची. अंकिताला त्यांना तिथेच घालायचं होतं. मी चौथीची पहिली केली. निशांतचा, माझ्या मुलाचा, अर्ज तिथे भरायचं ठरवलं. हे त्यांना सांगितलं तेव्हा त्यांना कोण आनंद झाला. "मंग दोगं एकाच गाडीनं जातील," म्हणाले.

अर्ज ऑनलाइन होता. फॉर्म भरण्यात आमच्या आळीत माझा हात धरणारं कोणी नाही, रेशनकार्डापासून पासपोर्टापर्यंत लोक माझ्याकडे येतात. त्यांनी अंकिताच्या सगळ्या दाखल्यांच्या साक्षांकित प्रती एका पिशवीत घालून माझ्या हाती दिल्या. मोबाईल नंबर विचारला तर म्हणाले, "माजा फोन घाटात शिरला की मेला. तुमचाच टाका." मी माझा टाकला. दोन्ही अर्ज एकाच दुपारी भरले.

आता पुढचं सांगायला हवं. इतकी वर्षं मी ते कुणाला सांगितलेलं नाही, नवऱ्यालाही नाही.

पंधरा दिवसांनी आम्ही गडग्यावर बसलो होतो. गुरुजी बाहेर आले आणि म्हणाले, "आजचा पेपर अंकितानं एकटीनं पुरा सोडवला. बाकीच्यांनी तिचा बघून घ्या." निशांत दारात मान खाली घालून उभा होता. त्या शाळेत आमच्या जिल्ह्याला जागा मोजक्याच. मी मनात आकडे मांडत होते, तेवढ्यात माझा फोन वाजला. संदेश होता, अंकिताच्या अर्जाचा. तिचा एक दाखला अस्पष्ट आला आहे, चार दिवसांत पुन्हा जोडावा, नाहीतर अर्ज बाद होईल.

अंकिताचे वडील माझ्या शेजारी बसले होते. वाडीतून आणलेली करवंदं पानावर घालून माझ्यापुढे धरली होती. "काय, घरनं हाय काय?" त्यांनी विचारलं.

"नाही, ऑफिसचं आहे," मी म्हटलं, आणि एक करवंद उचललं.

दाखल्यांची पिशवी माझ्याच कपाटात होती. काम दहा मिनिटांचं होतं. पहिल्या दिवशी मी म्हटलं, उद्या करू. दुसऱ्या दिवशी घरी पाहुणे होते. तिसऱ्या दिवशी मी लॅपटॉप उघडला, निशांतच्या अर्जाची पोच छापून घेतली आणि बंद केला. चौथ्या दिवशी काहीच कारण नव्हतं. पुढे कुणी विचारलं असतं तर मी विसरले असं सांगणार होते. मी विसरले नव्हते.

निशांतचं प्रवेशपत्र आलं, अंकिताचं आलं नाही. त्यांनी मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, "साइटवर काहीतरी गडबड झालेली दिसते." ते बराच वेळ चिमटा वाजवत राहिले. मग म्हणाले, "मशीनला काय कळतंय? आमचंपन मदीच बंद पडतं. तुमी येवढं केलंव, तुमचा काय दोष?" पुढच्या खेपेला माझ्यासाठी घरच्या कुळथाचं पीठ घेऊन आले, बायकोने मुद्दाम दळलेलं. तुम्हांला फुकटचा त्रास झाला म्हणून, असं म्हणाले. आमच्या घरी त्या पिठाची पिठी सगळ्यांनी मिटक्या मारत खाल्ली. मी पोट बरं नाही म्हणून ताक पिऊन उठले.

निशांतला प्रवेश मिळाला. आळीत पेढे वाटले. अंकिता पालीच्या हायस्कुलात गेली.

पहिले दोन महिने निशांत फोनवर नुसता रडायचा. जेवण आवडत नाही, घाटावरची मुलं बोलण्याची नक्कल करतात, झोप लागत नाही. मी आळीत सांगायचे, "एकदम रुळलाय हो." दिवाळीची सुटी संपली आणि तो परत गेला, त्या दुपारी मला त्यांचा फोन आला. कोल्हापूरच्या स्टँडवर पोचल्याबरोबर केलेला.

"ताई, सगळ्यांच्या मागनं उतरला पोरगा. नाडी दोनदा बांदली. तुमी या रविवारी जाऊन येवा."

"पण तो तर बरा आहे म्हणतो," मी म्हटलं.

"म्हनेल. मी उतरताना बगितला."

मी गेले. त्यानंतर ते निशांतच्या मागे लागलेच. सुटीला येताजाता त्याला आपल्या शेजारच्या सीटवर बसवायचे, तो जुना चिमटा त्याच्या हातात द्यायचे, जुन्या तिकिटाच्या कपट्यांना भोकं पाडायला लावायचे. पुढे पुढे तर त्या रस्त्याने जाताना फाट्यावर गाडी मिनिटभर थांबली, तर शाळेच्या शिपायाकडे त्याच्यासाठी कोकणातलं काहीबाही ठेवून जायचे, भाजलेल्या काजूगरांची पुडी नाहीतर आंबोशी. मला कळवायचे ते फक्त एवढंच. "आज मदल्या घोळक्यात उतरला." "आज नाडी नाय बांदली." आणि सातवी सुरू झाली तेव्हा एकदा, "ताई, आज गाडी थांबायच्या आदी दाराशी. उडी मारली. मागं वळून नाय बगितलं."

मला फोनवर रडू आलं. त्यांना वाटलं आनंदाने.

"अंकिता कशी आहे?" मी विचारलं. हे विचारायला मला वर्ष लागलं होतं.

"बरी हाय. शाळेत चालत जाते," ते म्हणाले. "उतरायचंच नाय, तर बगू काय?" आणि हसले. ते हसणं खरं होतं, त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

त्याच वर्षी शाळेत पालकसभा होती. मी मुद्दाम त्यांची गाडी गाठली. सांगायचं असं घरून ठरवून निघाले होते. त्यांनी मला शेजारची, निशांतची सीट दिली. पाली गेली, साखरपा गेलं. ते मधूनमधून येऊन बसायचे, अंकिताचं सांगायचे. वर्गात तिचा पहिला नंबर, पण गणिताला सर मिळत नाहीत, म्हणून ती जुन्या शिकवणीच्या वह्या पुन्हा पुन्हा सोडवते. मी "अहो" म्हणून सुरुवात करायचे आणि कुणीतरी तिकीट मागायचं. घाट आला, घाट संपला.

फाट्यावर गाडी थांबली. पाच-सहा पालक उतरले. मी पिशवीची चेन ओढत बसले. ती नीट लागलेली होती, मी उघडून पुन्हा लावली. मान वर केली तर ते दाराशी उभे राहून माझ्याकडे बघत होते. चिमटा हातात होता, पण वाजत नव्हता.

"ताई," त्यांनी हळू विचारलं, "कायतरी बोलायचं रायलंय काय?"

"नाही," मी म्हटलं.

"बरं. सावकाश उतरा, पायरी उंच हाय."

मी उतरले. मागे वळून बघितलं नाही. घंटीचे दोन टोले पडले आणि गाडी गेली.

पुढच्या सुटीत निशांतच घरी येऊन म्हणाला, "आई, गाडीवर ते काका नव्हते." डेपोत चौकशी केली तेव्हा कळलं, त्यांची गुहागरला बदली झाली. फोन लावला तर नंबर बदललेला. नवा नंबर मला कुणी दिला नाही, कारण मी तो मागितलाच नाही. गुहागर काही विलायतेत नाही. वाडीवर त्यांचं घरही आहे, तेही मी मनावर घेतलं तर सापडण्यासारखं.

अंकिता आता दहावीला असेल. तिच्या दाखल्यांची पिशवी अजून माझ्या कपाटात आहे. मागच्या महिन्यात ती घेऊन मी स्टँडवर गेले. गुहागरची गाडी लागलेली होती. चढले, खिडकीपाशी बसले, पिशवी मांडीवर घेतली. गाडी भरली, ड्रायव्हर येऊन बसला, कंडक्टर बाईंनी दार ओढून घेतलं.

"थांबा, मला उतरायचंय," मी म्हटलं.

त्यांनी दार उघडलं आणि मशीनमध्ये मान घातली. मी उतरताना कुणी बघत नव्हतं.