अण्णा आणि राजाची सोयरीक

"आम्ही जेवलो," असं अण्णा सांगत तेव्हा त्या 'आम्ही'त राजा धरलेला असे. राजा म्हणजे त्यांचा केसाळ कुत्रा. बंगळुरूच्या शिवाजीनगरात अण्णांचं बटणं-अस्तराचं दुकान होतं, वर घर, आणि त्याच्याही वर भाडेकरू म्हणून मी. बायको सुमन जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. दुकानाचं शटर ओढलं की त्या घरातून एकच आवाज यायचा, अण्णा राजाशी बोलत असल्याचा. मला तो ऐकवत नसे.

त्यांना राजाचं पिल्लू हवं होतं. "हा गेल्यावर मी काय भिंतींशी बोलू?" म्हणायचे. पोरीला स्थळ बघावं तशा चौकशा करून त्यांनी एचएसआर लेआउटमधल्या एका मराठी मुलीची कुत्री शोधली. दोनदा गाठ घातली, पिल्लं नाहीत. अण्णांनी फोनवर फैसला सुनावला, "खोट तुमच्या कुत्रीत आहे. तिला डॉक्टरला दाखवा. आमच्या राजाचं सगळं सरी आहे, एकदम ठीक." मुलीने बिचारीने दाखवलंही. कुत्री ठणठणीत निघाली.

शेवटी मीच राजाला, आणि अण्णांना, डॉक्टरांकडे ओढून नेलं. डॉक्टरांनी मागच्या पायांमध्ये चाचपून पाहिलं. "याचे दोन्ही अंडकोष खाली उतरलेच नाहीत, पोटात राहिलेत. तिथल्या उष्णतेत बीज तयार होत नाही. पिल्लं होणार नाहीत. आणि तसेच ठेवले तर पुढे कॅन्सरची भीती. ऑपरेशन करून काढून टाकू."

"बाहेरून तर चांगला गडी दिसतो," अण्णा पुटपुटले.

"दिसण्यावर नसतं ते."

ऑपरेशन झालं, राजा पुन्हा जिन्यावर उड्या मारू लागला. एकदा जिन्यातच मला थांबवून अण्णा म्हणाले, "सुमनला किती डॉक्टर केले, किती नवस केले. माझी आई तर तिला ओटी भरायलासुद्धा पुढं येऊ द्यायची नाही. मला कुणी तपासलंच नाही हो. आणि मीही म्हटलं नाही, मला तपासा."

पुढच्या रविवारी म्हैसूरपाकाचा पुडा घेऊन ते मला एचएसआरला घेऊन गेले. मुलगी हसली. "अहो काका, सॉरी कशाला? चिल!"

अण्णा गुडघ्यांवर हात टेकत कुत्रीसमोर खाली बसले. तिला हात जोडले. "तुझं काही चुकलं नव्हतं गं," म्हणाले, "उगीच तुला बोल लावला." आणि त्यांना रडू फुटलं.

मुलगी घाबरून माझ्याकडे बघू लागली. मी तिला पाणी आणायला आत पाठवलं.