वंदनाच्या बाटल्यांतली हवा

वंदना परवा गेली.
तिची पीएचडी वर्षभर का रखडली, हे आता फक्त मला माहीत आहे.

नव्वदच्या दशकात आम्ही दोघी नेरूळला एका खोलीत भाड्याने राहायचो. मी एपीएमसीत एका कांद्याच्या व्यापाऱ्याकडे बिलं करायचे.
ती हिमयुगावर रिसर्च करायची. नेरूळच्या उकाड्यात.

मी हसायचे. ती शांतपणे समजावायची, की जुन्या बर्फात त्या काळची हवा बुडबुड्यांत अडकलेली असते. हिमयुगातल्या हवेत मिथेन जवळजवळ निम्म्यावर आलेला दिसतो. हा गॅस निघतो दलदलीतून, आणि तेव्हा उत्तरेकडच्या दलदली गोठल्या होत्या, आपल्याकडचा पाऊस रोडावला होता.

"तिकडचा बर्फ परवडत नाही, इकडचा चिखल फुकट आहे," म्हणायची.

म्हणून पावसाळाभर सारसोळ्याच्या खाडीकाठी जायची. चिखलावर डबा पालथा घालायचा, आत साठलेली हवा काचेच्या बाटलीत घ्यायची, वर रबरी बूच. पावसात किती गॅस निघतो आणि उन्हाळ्यात किती, एवढंच तिला मोजायचं होतं.
लॅबमधल्या मशीनचा नंबर लागेपर्यंत बाटल्या आमच्या कॉटखाली.

ऑक्टोबरात तिची आई आली. दुष्काळी माण तालुक्यातली बाई. नळाला पाणी आलं की घरात एक भांडं रिकामं ठेवायचं नाही, हे हाडात मुरलेलं.

संध्याकाळी आम्ही घरी आलो तर सगळ्या बाटल्या ओट्यावर. काठोकाठ भरलेल्या.

पाऊस संपला होता. म्हणजे वर्ष बुडालं. पाठोपाठ फेलोशिपही गेली.

"रिकाम्याच हुत्या न्हवं?" मावशी म्हणाल्या. "म्हनलं, पानी हाय तवर भरून ठिवू."

मी बोलणारच होते. वंदनाने माझा हात दाबला.
"हो आई, रिकाम्याच होत्या. बरं केलंस."

मला तो शुद्ध वेडेपणा वाटला. आजही थोडा वाटतो. ती वर्षभर ट्यूशन घेत राहिली आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा चिखलात उतरली. पीएचडी झाली तेव्हा पहिला पेढा आईला भरवला.

काल सीवूड्सला तिच्या घरी गेले. मावशी आता पार थकल्यात. माझा हात धरून म्हणाल्या, "पोरीचं येक वरीस वाया गेलं हुतं बघ. कशानं गं?"

मी म्हटलं, मशीन बिघडलं होतं मावशी.

त्या फेसबुकवर नाहीत. भेटायला जाल तेव्हा तुम्हीही एवढंच सांगा.

जा वंदना. तुझी फार आठवण येईल.